स्वस्त, हलका रेनकोट आणि सह्याद्रीतला पावसाळी ट्रेक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनचे ढग सिंहगडावर टेकले की पुण्यातल्या ट्रेकर मंडळींत रेनकोटची चौकशी सुरू होते. कुठला घ्यावा, किती टिकेल, मोठा घ्यावा की मापाचा. इथली उत्तरं मावळ, मुळशी, वेल्हे, भोर या भागातल्या एका दिवसाच्या किंवा एका मुक्कामाच्या पावसाळी ट्रेकसाठी आहेत. हिमालयातल्या थंडीचं आणि बर्फाचं गणित वेगळं असतं, ते इथे धरलेलं नाही.

अल्ट्रालाइट रेनकोट नेमका कशाला म्हणायचं?

जॅकेटचं वजन साधारण दीडशे ते तीनशे ग्रॅम असेल आणि घडी घातल्यावर ते सॅकच्या वरच्या कप्प्यात मावत असेल, तर त्याला अल्ट्रालाइट म्हणायला हरकत नाही. गाडीवर घालायचा जाड पीव्हीसीचा शर्ट-पँटचा जोड सहज पाऊण-एक किलो भरतो. फरक पाठीला लगेच कळतो.

स्वस्तात मिळणारे प्रकार मोजकेच आहेत. पहिला, पातळ प्लास्टिकचा पोंचो. दुसरा, न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा जोड: कोविडच्या काळात ज्या कापडाचे मास्क आणि पीपीई किट आले त्याच जातीचं कापड, पण दोन थरांच्या मध्ये पाणी अडवणारा बारीक पडदा. तिसरा, आतून पॉलियुरेथेनचा लेप दिलेलं नायलॉन किंवा पॉलिएस्टर. क्रीडासाहित्याच्या मोठ्या दुकानांतली बहुतेक स्वस्त जॅकेटं याच गटातली. चौथा, सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन, म्हणजे सिलनायलॉन. हे खूप हलकं आणि वजनाच्या मानाने चिवट, पण बाकीच्यांपेक्षा महाग.

माझ्याकडे विंडचीटर आहे. तो चालणार नाही का?

विंडचीटर वारा अडवतो, पाऊस नाही. भुरभुर असेल तर अर्धा तास निभावतं, नंतर पाणी खांद्यातून आत येतं. दुकानात एक सोपी खूण बघा. जॅकेट उलटं करा आणि आतली शिवण पाहा. शिवणीवर बोटभर रुंदीची पारदर्शक किंवा करडी पट्टी चिकटवलेली असेल तर तो रेनकोट. नुसता दोरा दिसत असेल तर लेबलवर काहीही लिहिलेलं असो, मावळातल्या पावसात तो भिजवणारच. सुईचं प्रत्येक छिद्र म्हणजे पाण्याला वाट असते. अपवाद फक्त सिलनायलॉनचा. सिलिकॉनवर पट्टी चिकटत नाही, त्यामुळे त्याच्या शिवणी द्रव सीलंट लावून बंद कराव्या लागतात, आणि ते काम बऱ्याचदा विकत घेणाऱ्यालाच करावं लागतं. घेताना हे विचारून घ्या.

लेबलवर २,००० मिमी, ५,००० मिमी असं लिहिलेलं असतं. किती घ्यावं?

२,००० मिमी म्हणजे त्या कापडावर दोन मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते झिरपत नाही. पावसाचा थेंब एवढा दाब देत नाही, म्हणून नुसतं उभं राहायचं असेल तर १,५०० सुद्धा पुरतं. दाब येतो तो सॅकच्या पट्ट्याखाली, गुडघा टेकल्यावर आणि ओल्या कातळावर बसल्यावर. तिथे कमी आकड्याचं कापड झिरपतं. एका दिवसाच्या ट्रेकला २,००० ते ३,००० मध्ये काम भागतं. त्यावरच्या आकड्यासाठी जादा पैसे देण्यापेक्षा तेच पैसे चांगली टोपी आणि बगलेतल्या चेनवर खर्च झालेले बरे.

तरी आतून भिजतो. रेनकोट गळतो का?

बहुतेक वेळा तो घाम असतो. ओळखायचं कसं? खांदे, चेनची रेघ आणि शिवणी ओल्या असतील तर गळती आहे. पाठ, कोपर ते मनगट आणि छाती सारखी दमट असेल तर घाम.

‘ब्रीदेबल’, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या कापडावर इथे फार भरवसा ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आतली वाफ बाहेर जायला आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या वाफेच्या दाबात फरक लागतो. थंड, कोरड्या हवेत तो भरपूर मिळतो. जुलैत राजगडावर हवा वीस-बावीस अंशांची आणि दमटपणा शंभराला टेकलेला. वाफ जाणार कुठे? त्यात बाहेरचं कापड चिंब झालं की पाण्याच्या थरामुळे उरलेली वाटही बंद होते. महागातलं जॅकेटही गुंजवण्याकडून चोर दरवाज्याचा चढ चढताना आतून ओलं होतंच.

म्हणून कापडापेक्षा हवेच्या वाटा बघा. बगलेत चेन आहे का, पुढची चेन वरून आणि खालून दोन्हीकडून उघडते का, कंबरेला सैल आहे का? चढावर जॅकेट काढून टाका आणि भिजा. माचीवर पोहोचून वारा लागला की घाला. सह्याद्रीत हलक्या रेनकोटचं खरं काम अंग कोरडं ठेवणं हे नाही, ओल्या अंगाला वारा लागू न देणं हे आहे. आत सुती टी-शर्ट नको, तो पाणी धरून ठेवतो आणि अंग गारठवतो. पटकन वाळणारा पॉलिएस्टरचा घाला.

असा पातळ रेनकोट टिकतो तरी किती?

हा प्रश्न ‘कुठे टिकतो’ असा विचारायला हवा. मोकळ्या धारेवर, रुळलेल्या वाटेवर पॉलिप्रॉपिलीनचं जॅकेटही पावसाळेच्या पावसाळे निघतं. तेच करवंदीच्या जाळीतून एकदा रेटून नेलं तर बाहीचा बाहेरचा थर सालासारखा सुटून येतो. करवंदीचा काटा टोकाला दुभंगलेला आणि चांगला कडक असतो. तो अडकला की पुढे खेचू नये, एक पाऊल मागे येऊन हाताने सोडवावा. घाणेरीचे काटे बारीक असतात, पण ती वाटेच्या दोन्ही अंगांना पसरते आणि सतत घासते. मळवलीहून लोहगडाची वाट किंवा आतकरवाडीहून सिंहगड अशा मळलेल्या वाटांवर हा त्रास जवळजवळ नाही. कमी वापरातल्या घाटवाटांवर मात्र सप्टेंबरपर्यंत कारवी, गवत आणि काटेरी जाळ्या अंगावर येतात. तिथे पॉलिप्रॉपिलीन नेऊच नका. लेपाचं नायलॉन न्या, नाहीतर तेवढ्या टप्प्यापुरतं जॅकेट काढून सॅकमध्ये टाका.

काट्यांसारखंच नुकसान करतो तो आपला कातळ. बेसॉल्ट खरखरीत असतो. त्यावरून बसून घसरत उतरलं की पँटच्या बुडाचा लेप खरवडला जातो. कापड फाटलेलं दिसत नाही, पण पाणी आत यायला लागतं. उजेडासमोर धरून पाहा: लेप गेलेल्या जागी कापड जाळीदार दिसतं.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. हलके रेनकोट बहुतेक काट्याने फाटत नाहीत, माप चुकल्याने फाटतात. उंच पायरीवर पाय टाकला आणि पँट गुडघ्यात अडकली की सगळा ताण येतो तो दोन्ही पायांच्या शिवणी जिथे एकत्र येतात त्या जागी. ती तिथेच उसवते. हात वर करून रेलिंग पकडलं आणि जॅकेट खांद्यात घट्ट असलं की बगलेतली शिवण जाते. उसवण्याआधी ती इशाराही देते. आतल्या पट्टीची कड पांढुरकी होऊन किंचित उचललेली दिसते आणि त्या कडेखाली पाण्याचा एकेक थेंब धरायला लागतो. पट्टी अशी दिसू लागली की पुढच्या ट्रेकआधी दुरुस्ती करा. कापड पातळ असलं तरी सैल कपड्यावर ताण येत नाही, म्हणून टिकाऊपणाची अर्धी काळजी दुकानात माप घेतानाच मिटते.

मग माप कसं घ्यायचं?

दुकानात जाताना ट्रेकला घालता तेच कपडे घाला, शक्य असेल तर सॅकही न्या. जॅकेट घालून दोन्ही हात सरळ वर करा. बाही मनगटाच्या वर बोटभर जाणं चालेल, कोपराकडे धावणं चालणार नाही. जॅकेटची खालची कड कंबरेच्या वर गेली तरीही ते नको. मग हात पुढे घेऊन स्वतःला मिठी मारा, पाठीत ओढ बसायला नको. खाली उकिडवं बसा. एक पाय खुर्चीवर ठेवा. विक्रेता बघत राहिला तरी राहू दे, पैसे आपले आहेत.

टोपी वेगळी तपासा. दोरी आवळून मान डावी-उजवीकडे वळवा. टोपी मानेबरोबर वळली तर ठीक. ती जागीच राहिली आणि डोळ्यासमोर कापड आलं, तर उतारावर पाय कुठे पडतोय ते दिसणार नाही. स्वस्त जॅकेटांत टोपीचीच सर्वांत जास्त हेळसांड असते. आत कडक झापाची साधी कॅप घातली की पुष्कळ सुधारणा होते, चष्मेवाल्यांनी तर ती घालावीच.

पॉलिप्रॉपिलीनचे जोड पिंपासारखे ढगळ येतात. तिथे एक माप मोठं घ्यायची गरज नाही, बऱ्याचदा नेहमीचंच माप पुरतं. लेपाच्या नायलॉनमध्ये मात्र खांद्याचं माप काटेकोर असतं, शंका आली तर एक माप वर जा.

बायकांसाठी वेगळं माप घ्यावं का? ‘युनिसेक्स’ चालतं का?

युनिसेक्स म्हणून जे विकलं जातं ते बहुधा पुरुषांच्या मापाचं असतं. खांदे उतरतात, बाह्या लांब होतात आणि नितंबांवर मात्र घट्ट बसतं, मग चालताना जॅकेट वर सरकत राहतं. मैत्रिणींना मी सांगते की खालून उघडणारी चेन असलेलं जॅकेट बघा. खालची चार बोटं उघडी ठेवली की नितंबांवरची ओढ जाते. बाही लांब असेल तर मनगटाशी वेल्क्रो किंवा इलॅस्टिक हवंच, नुसती मोकळी बाही हात वर केला की पन्हळीसारखं पाणी कोपरापर्यंत नेते.

पँट खूप लांब येते. कापली तर उसवेल का?

पॉलिप्रॉपिलीनची पँट बिनधास्त कात्रीने कापा. न विणलेल्या कापडाचे धागे सुटत नाहीत. विणलेलं नायलॉन कापलं तर कडेचे धागे निघतात, तिथे दुमडून टीप मारावी लागते. घोट्यापेक्षा लांब ठेवू नका. उतारावर स्वतःच्याच पँटवर पाय पडून माणसं पडतात.

खरं सांगायचं तर जुलै-ऑगस्टच्या एका दिवसाच्या ट्रेकला रेनपँटची गरज फार थोड्यांना असते. पाय चालत असतात, गरम राहतात. पटकन वाळणारी साधी ट्रॅकपँट पुष्कळ झाली. रात्रीचा कात्रज ते सिंहगड किंवा गडावरचा मुक्काम असेल तर पँट न्या.

रेनकोट सॅकच्या वरून घालावा की खालून? पोंचो बरा का?

जॅकेट खालून, सॅक वरून. वरून घालायला मोठं जॅकेट घेतलं तर पुढून तंबू होतो आणि पाठीवर ताणतं. खालून घातल्यावर पट्ट्यांखालचं कापड घासून लवकर विरतं हे खरं आहे. त्यासाठी सॅक घट्ट आवळा. हलणारी सॅक जास्त घासते.

पोंचो माणूस आणि सॅक दोन्ही झाकतो, हवा खेळती ठेवतो आणि स्वस्त असतो. भातखाचरांत लावणी करणाऱ्या बायका डोक्यावरून इरलं किंवा प्लास्टिकचा घोंगता घेतात त्यामागे हेच आहे: पाठ झाकलेली, पुढून मोकळं. अंधारबनच्या जंगलातल्या आडव्या वाटेला पोंचो उत्तम. पण राजगडाची संजीवनी माची, तोरण्याची झुंजार माची, कळसूबाईच्या शिड्या अशा जागी तो नको. वारा त्यात भरतो आणि पुढचं टोक उडून तोंडावर येतं. पाय दिसत नाहीत तिथे पुढे पाऊल टाकायचं नसतं. पोंचोच न्यायचा असेल तर कंबरेला बांधायला एक दोरी सोबत ठेवा.

सॅकचं सामान कोरडं ठेवायला बाहेरच्या कव्हरपेक्षा आत घातलेली जाड प्लास्टिकची मोठी पिशवी जास्त खात्रीची. कव्हर पाठीकडून येणारं पाणी अडवत नाही. त्या पिशवीत एक कोरडा जोड बांधून ठेवाच. कोणी थरथर कापायला लागलं, बोलणं अडखळायला लागलं, तर आडोसा शोधून आधी ओले कपडे बदलायचे, मग चहा.

पायथ्यापर्यंत गाडीवर जातो. तोच रेनकोट घालून गेलं तर?

नका. पुण्याच्या ट्रेकरचे हलके रेनकोट गडावर कमी आणि गाडीवर जास्त खराब होतात. साठच्या वेगाने पाऊस समोरून दाबाने येतो, चेनमधून आणि गळ्यातून आत शिरतो. कापड सतत फडफडून शिवणी ढिल्या पडतात. बसल्या जागी पाण्याचं तळं साचून ते सीटवर दाबलं जातं. आणि पँटचा पाय सायलेन्सरला लागला की संपलं: पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं.

गाडीवर जाड पीव्हीसीचा जोडच घाला आणि पायथ्याशी काढून डिकीत किंवा गाडी लावता त्या घरी ठेवा. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला असे जाड जोड भरपूर मिळतात. मागे बसणाऱ्याने पोंचो घालून तर अजिबात बसू नये. त्याचं टोक चाकात किंवा चेनमध्ये अडकून गंभीर अपघात होतात.

घरी तपासून कसा बघायचा?

कापडाचा खोलगट भाग करून त्यात पेलाभर पाणी ओता, खाली वर्तमानपत्राचा कागद ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटांनी कागद पाहा. मग शिवणीचा भाग घेऊन तेच करा. त्यानंतर आत राखाडी टी-शर्ट घालून शॉवरखाली उभे राहा. राखाडीवर ओला डाग लगेच उठतो. शेवटची परीक्षा वेताळ टेकडीवर. पाऊस असताना संध्याकाळी तासभर चालून या. गळायचाच असेल तर घराजवळ गळू दे.

वाटेत फाटला तर काय करायचं?

डक्ट टेपची चार-पाच हात पट्टी पाण्याच्या बाटलीला गुंडाळून ठेवा. चिकटवण्यापूर्वी जागा कोरडी करणं महत्त्वाचं, ओल्यावर काहीच धरत नाही. टेपचे कोपरे गोल कापा, चौकोनी कोपरा आधी उचकटतो. आतून-बाहेरून दोन्हीकडून लावा. पॉलिप्रॉपिलीनवर ही दुरुस्ती इतकी पक्की होते की बरेच जण तीच कायमची ठेवतात. लेपाच्या नायलॉनवर तात्पुरती टेप, घरी आल्यावर सीलंट. सिलनायलॉनवर टेप टिकत नाही, सिलिकॉनचाच गोंद लागतो.

शिंप्याकडे टीप मारून घेतली तर वर सीलंट फिरवायला विसरू नका. पीव्हीसीचा जाड कोट मात्र पदपथावर बसणाऱ्या छत्रीदुरुस्तीवाल्यांना दाखवा, ठिगळ लावायचं काम ते सफाईने करतात.

मागच्या वर्षीचा रेनकोट काढला तर आतून चिकट झालाय. काय झालं?

पॉलियुरेथेनचा लेप ओलाव्याने हळूहळू तुटतो. ओला कोट पिशवीत कोंबून कपाटात ठेवला की हे भराभर होतं. आधी चिकटपणा येतो, मग पोपडे सुटतात. त्याला इलाज नाही, दुसरा घ्यावा लागतो. हे टाळायचं असेल तर घरी आल्यावर साध्या पाण्याने चिखल धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि हँगरला टांगा. घडी घालून वर्षभर ठेवू नका. वॉशिंग मशीन, ब्रश, इस्त्री, कपडे मऊ करणारं कंडिशनर हे सगळं बंद. पीव्हीसीचा कोट एकमेकांना चिकटू नये म्हणून आधी शंखजिरे भुरभुरत, ते आजही चालतं.

बाहेरून पाणी मोत्यासारखं न घरंगळता कापडात पसरू लागलं, तर तो लेप गेल्याची खूण नाही. वरचा पाणी झटकणारा थर मळला किंवा झिजला आहे. धुऊन पाहा, नाहीच सुधारलं तर त्यासाठीचा फवारा मिळतो.

छत्री नेली तर?

भाजे गावापासून लेण्यांपर्यंत किंवा गावातल्या डांबरी रस्त्यावर जरूर न्या. धारेवर वाऱ्याने उलटी होते. विजा चमकत असतील तर माथ्यावर छत्री उघडूच नये, आणि मे-जूनच्या सुरुवातीचा आणि परतीचा पाऊस विजांचाच असतो.

पन्नास रुपयांचा वापरून फेकायचा पोंचो घेऊ का?

घेऊ नका. तो गडाच्या दरवाज्यापर्यंत पोहोचेतो फाटतो आणि फाटला की तिथेच पडतो. लोहगडाच्या पायऱ्यांच्या कडेला, झुडपांत अडकलेल्या त्या निळ्या-गुलाबी चिंध्या बघून जीव तुटतो. पाण्याच्या टाक्यांतही त्या जातात. घेतलाच असेल तर फाटलेला तुकडानतुकडा सॅकमधून परत आणा.

किती पाऊस असला तर रेनकोटवर भिस्त न ठेवता घरी बसावं?

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिमीच्या पुढे जोरदार, ११५.६ च्या पुढे अतिजोरदार आणि २०४.४ च्या पुढे अतिवृष्टी. घाटमाथ्यासाठी रेड अलर्ट म्हणजे या शेवटच्या पातळीची शक्यता. शिवाजीनगरला ऊन पडलं म्हणून ताम्हिणीत पाऊस नसेल असं समजू नये, पुणे शहरात वर्षभरात जेवढा पडतो तेवढा तिथे जुलैच्या काही दिवसांत पडू शकतो. ओढे फुगतात आणि परतीची वाट बंद होते. रेड अलर्टला गड बंद असतील तर ती बंदी पाळा. ऑरेंजला ओढा ओलांडावा लागणारी वाट टाळा.

लहान मुलांसाठी काय घ्यावं?

वाढत्या अंगाचं म्हणून दोन मापं मोठं घेण्याची आपल्याकडे सवय आहे, रेनकोटमध्ये ती मोडा. लांब पँट आणि डोळ्यांवर येणारी टोपी घालून पोर ओल्या पायऱ्यांवर सुरक्षित चालू शकत नाही. एकच माप मोठं घ्या, बाही दुमडून वेल्क्रोने आवळा. रंग भगवा, पिवळा किंवा पोपटी घ्या, धुक्यात राखाडी आणि हिरवट कोट दहा पावलांवर दिसेनासा होतो. थंडी वाजतेय का ते मुलाला दर अर्ध्या तासाला विचारा आणि मानेखाली हात घालून बघा. ती जागा गार आणि ओली लागली तर कोट कितीही चांगला असला तरी कपडे बदलून खाली उतरायचं.